अश्रुपात्रे की तेलाच्या कुप्या?

रोमन कबरींत सापडणाऱ्या लांब मानेच्या, लहानशा काचेच्या कुप्यांना जुन्या युरोपीय संग्राहकांनी ‘अश्रुपात्रे’ असे नाव दिले. आप्तांनी आसवे साठवून ती मृताशेजारी ठेवली, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात फार लोकप्रिय होती. ती हृद्य आहे. आधार मात्र तिला नाही. या कुप्या सुगंधी तेलांच्या व मलमांच्या. जिवंत माणसे त्या रोज वापरत आणि अंत्यविधीतही त्यांचा उपयोग होई.

या नावामागची दृष्टी तपासून पाहण्याजोगी आहे. प्राचीन काच म्हणजे दुर्मीळ, हळवेपणाने जपायची वस्तू, असे ती गृहीत धरते. ब्रिटिश म्युझियममधील पोर्टलंड कलश हा तिचा मानदंड. निळ्या काचेवरील पांढऱ्या थरात कोरलेले ते काम अलौकिकच आहे; पण त्यावरून रोमन काच जोखणे म्हणजे पैठणीवरून साऱ्या गावाच्या कपड्यांची कल्पना करणे. आपण ज्या इंद्रधनुषी झळाळीवर भाळतो, तीही कारागिराची नव्हे. शतकानुशतके मातीत राहून काचेचा पृष्ठभाग झिजल्याची ती खूण आहे.

इ.स.पू. पहिल्या शतकात पूर्व भूमध्य प्रदेशात नळीने फुंकून काच फुगवण्याचे तंत्र निघाले आणि भांडी झपाट्याने स्वस्त झाली. रोममध्ये काचेचा पेला एका तांब्याच्या नाण्याला मिळतो, असे स्ट्राबो नोंदवतो. पेट्रोनियसच्या कथेतला नवश्रीमंत त्रिमाल्किओ काचेची तारीफ करतो ती तिला वास लागत नाही म्हणून. फुटत नसती तर तिला सोन्याहून पसंत केले असते, असेही म्हणतो. गंधकाच्या काड्या देऊन फुटकी काच घेणारा फेरीवाला मार्शलच्या कवितेत भेटतो. फुटलेली काच वितळवून पुन्हा वापरली जाई. चौकोनी बाटल्या तर एकमेकींना चिकटून पेटीत नीट बसत.

साम्राज्याच्या पश्चिम प्रांतांत अशाच घरगुती बरण्या-बाटल्यांत मृतांच्या अस्थी ठेवून त्या पुरल्या गेल्या. रोमन काचेत शोक शोधायचाच असेल, तर तो इथे शोधावा. त्यासाठी वेगळे अश्रुपात्र कल्पावे लागत नाही. घरातली बरणी पुरते.