वकिलाचें मौन

परदरबारीं वकिली करणें हा मराठी माणसास नवा व्यवसाय नव्हे. पेशव्यांच्या वकिलांनीं दिल्लीहून व हैदराबादेहून धाडलेलीं पत्रें आज इतिहासाचें साधन झालीं आहेत. परंतु स्वतंत्र भारताच्या परराष्ट्रसेवेंत आयुष्य वेंचणाऱ्यानें आपली कथा मराठींत सांगावी, हा योग विरळाच. म्हणून श्री. ज्ञानेश्वर मुळे यांचें ‘माती, पंख आणि आकाश’ हें आत्मकथन येथें गंगाखेडास, गोदेच्या तीरीं, आम्हीं मोठ्या अपेक्षेनें वाचलें.

कोल्हापूर जिल्ह्यांतील अब्दुल लाट गांवीं जन्मलेला मुलगा १९८३ सालीं परराष्ट्रसेवेंत शिरतो व जपानांत जाऊन तेथील भाषा आत्मसात करतो, हें कथानक कोणत्याही आईबापांस आपल्या मुलांपुढें ठेवावेंसें वाटेल. त्यांतील मातीचा भाग विशेष सरस उतरला आहे. तेथें लेखणीस कसलाही संकोच नाहीं. जपानी समाजाकडेही लेखक आस्थेनें पाहतो. मात्र वरून आलेली आज्ञा आणि स्वतःचा विवेक यांच्या ओढाताणींत वकिलाचें मन कसें वागतें, या आमच्या प्रश्नास उत्तर तुटपुंजेंच मिळतें.

हा दोष सर्वस्वीं लेखकाचा म्हणावा काय? पुस्तक त्यांच्या सेवाकाळींच प्रसिद्ध झालें, आणि सरकारी नोकराची लेखणी नियमांनीं बांधलेली असते. खरे कसोटीचे प्रसंग तर मागाहून आले. ते मालदीवमध्यें उच्चायुक्त असतांना २०१२ सालीं तेथें अध्यक्ष नशीद यांनीं पद सोडलें, आणि २०१३ च्या फेब्रुवारींत त्याच नशीदांनीं भारतीय उच्चायुक्तालयांत आश्रय घेतला. दाराशीं आलेल्यास आंत घ्यावें, तर यजमान राष्ट्र रुष्ट होतें. न घ्यावें, तर आपलीच प्रतिष्ठा जाते. असा पेंच मराठी गद्यांत क्वचितच आला असेल.

येथें सहजच रंगो बापूजींची आठवण होते. १८३९ सालीं पदच्युत झालेल्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठीं ते लंडनास गेले व १८५३ पर्यंत तेथें झगडले. सभांतून भाषणें करणें, अर्ज व पत्रकें छापणें हीच त्यांची वकिली. मध्यंतरीं १८४७ त महाराज वारले आणि १८४८ त सातारा खालसा झालें. तरीही ते बोलतच राहिले. प्रबोधनकार ठाकरे यांनीं १९४८ सालीं त्यांच्यावर लिहिलेला ग्रंथ आजही मनाची पकड घेतो, याचें कारण उघड आहे. ज्याच्या पाठीशीं राज्य नाहीं त्या वकिलाजवळ वाणीवांचून दुसरें कांहींच नसतें. ज्याच्या पाठीशीं राज्य आहे त्याला मात्र त्या राज्याचें मौनही वागवावें लागतें. एकाच्या अपयशानें वाङ्मयास चरित्रनायक दिला. दुसऱ्याच्या यशानें त्याच्या आत्मकथेचा उत्तरार्ध अडवून ठेवला.

आमच्या गंगाखेडची जनाबाई पंढरपुरास नामदेवांच्या घरीं आयुष्यभर राबली. तिनें सेवा मनोभावें केली, पण शब्द मात्र स्वतःचेच ठेवले. देवाशीं भांडतांनाही ती कचरली नाहीं. सरकारी सेवेला ही मुभा नसते, हें आम्ही जाणतों. परंतु श्री. मुळे आतां त्या सेवेंतून मुक्त झाले आहेत. त्यांच्या पुस्तकांतील माती खरी आहे, पंखही खरे आहेत. आकाश मात्र अद्याप लिहावयाचें राहिलें आहे, आणि तें त्यांनींच लिहावें.