सोबत आढळले, म्हणून त्यामुळे झाले?

बटाट्याच्या कापावर आयोडीन टाकले की निळाकाळा रंग येतो, हे आपण वर्गात दाखवतोच. १८५४ मध्ये फिरशॉ यांनी शरीरातील काही कणांवर हीच परीक्षा केली, रंग थोडाफार जुळला आणि त्या द्रव्याला 'ॲमिलॉइड' म्हणजे पिष्टासारखे हे नाव पडले. पाचच वर्षांनी फ्रीडराइख आणि केकुले यांनी ते पिष्ट नसून प्रथिनासारखे असल्याचे दाखवले. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

नावापेक्षा आम्हाला खटकते ती दुसरी गोष्ट. ल्युपस, शोग्रेन यांसारखा स्वयंप्रतिकार रोग आणि त्वचेतील ॲमिलॉइड एकाच रुग्णात आढळल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येत असतात. पुष्कळदा शेवटी 'दीर्घकालीन दाहामुळे' असा शेरा असतो. या शेऱ्याला आधार कोणता?

काँगो रेडने रंगवलेला छेद ध्रुवित प्रकाशात हिरवा दिसला की ॲमिलॉइड आहे एवढे कळते. ते कोणत्या प्रथिनाचे, हे कळत नाही. अशी प्रथिने माणसात चाळीसच्या आसपास सापडली आहेत. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात दाहामुळे यकृत एक प्रथिन भरमसाट तयार करते. त्याचे तंतू मुख्यतः मूत्रपिंडात साचतात. पाठीवर खाज सुटून तपकिरी लहरी उमटतात, तेथील ॲमिलॉइड मात्र त्वचेच्याच केराटिनपासून बनते. तिथे यकृताचा संबंध नाही. सतत खाजवणे, नायलॉनच्या घासणीने अंग घासणे यांचा आहे.

गाठींच्या स्वरूपातले त्वचेतील ॲमिलॉइड निराळे. ते स्थानिक प्लाझ्मा पेशींनी केलेल्या प्रतिपिंडांच्या तुकड्यांचे असते. शोग्रेनमध्ये याच कुळातल्या पेशी अतिसक्रिय असतात, म्हणून तिथे संबंध जोडणे आम्हाला पटते.

पण यकृतातल्या पित्तनलिकांच्या स्वयंप्रतिकार रोगाचे काय? त्यात असह्य खाज सुटते. रुग्ण वर्षानुवर्षे खाजवतो आणि पाठीवर ॲमिलॉइड साचते. दुवा असेलच, पण तो कदाचित नखांतून गेलेला! शिवाय आशियात पाठीवरचा हा विकार विरळा नाही, संधिवातही नाही. दोन्ही एकाच माणसात योगायोगानेही येणारच. छापली जाते ती हीच भेट, एकेकटे आलेले रोग कोण छापणार?

छेदातील प्रथिन कोणते, हे वस्तुमान वर्णपटमापनाने आज ओळखता येते. ल्युपसच्या रुग्णाच्या पाठीवर केराटिन निघाले, तर 'दाहामुळे' लिहिण्यापूर्वी खाज कधीपासून सुटत होती, एवढे तरी नोंदीत हवे. तेच बहुधा नसते.