विंचू, गोळी आणि पुरावा

विंचू उरणच्या शिक्षकांना नवा नाही. भाताचा पेंढा, विटांचा ढीग, उतरवून ठेवलेली जुनी कौले, अंगणातली चप्पल, कशाखालीही तो निघतो. मागे येथील काही शिक्षकांशी बोलत असताना एकाने विचारले, "महाडच्या डॉक्टरांनी साध्या गोळीने विंचवाचे मृत्यू आटोक्यात आणले, असे आम्ही मुलांना सांगतो. पण ते सिद्ध कसे झाले, असे एखाद्या मुलाने विचारले तर?" प्रश्न रास्त आहे. आपल्याच रायगड जिल्ह्यात झालेल्या डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्या या संशोधनाकडे त्या दृष्टीने पाहू.

प्रथम विषाचे काम. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंमधील सोडियमची दारे लवकर बंद होऊ देत नाही. त्यामुळे अॅड्रिनॅलिनसारखी द्रव्ये रक्तात प्रचंड प्रमाणात उतरतात. रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. काळ्या इंगळीच्या दंशाने माणूस कळवळतो, पण सहसा दगावत नाही. लाल विंचवाच्या दंशात मात्र वेदनेपेक्षा उलटी, दरदरून घाम आणि थंडगार हातपाय ही धोक्याची खूण असते. ही पूर्वलक्षणे डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडली. आमच्या मते या साऱ्या कामातला हा सर्वांत भक्कम भाग आहे, कारण त्यासाठी यंत्रे लागली नाहीत. रुग्णाच्या उशाशी बसून केलेली बारकाईची नोंद तेवढी लागली.

पुढची पायरी तर्काची होती. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध बाजारात होतेच. ते विंचूदंशावर वापरल्याचा अनुभव बावस्कर दांपत्याने १९८६ साली 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध केला. पूर्वी गंभीर दंशाच्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत, प्राझोसिननंतर हे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले, असे पुढे नोंदले गेले.

येथे थांबून विचार करायला हवा. 'आधी' आणि 'नंतर' यांच्या तुलनेत औषधाखेरीज इतरही गोष्टी बदललेल्या असतात. रस्ते सुधारतात, रुग्ण लवकर पोचतात, मांत्रिकाकडे जाणे कमी होते, सौम्य दंशाचे लोकही दवाखान्यात येऊ लागतात. म्हणून ३० वरून १ हा सगळा फरक गोळीच्या खात्यावर जमा करता येत नाही. मात्र फरक एवढा मोठा आहे, आणि विषाच्या कार्यपद्धतीशी तो इतका जुळतो, की गोळीचा त्यात मोठा वाटा असावा हे मानायला आम्हांला अडचण वाटत नाही. मग अर्ध्या रुग्णांना गोळी न देता तुलना का केली नाही? कारण उपयोगी वाटणारे औषध हाताशी असताना मरणाच्या दारातल्या मुलाला ते नाकारणे कोणाही डॉक्टरला शक्य नव्हते.

ही अडचण २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या महाडच्या चाचणीत चांगल्या रीतीने सोडवलेली दिसते. ७० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. प्राझोसिन सर्वांनाच दिले. एका गटाला जोडीला प्रतिविषही दिले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण प्रतिविषाच्या गटात ३५ पैकी ३२ होते, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८.

निकाल ठसठशीत आहे, तरी त्याच्या मर्यादाही शिकवायला हव्यात. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते. घाम थांबला की नाही, हातपाय गरम झाले की नाही, हे ठरवताना ती जाणीव नकळत डोकावू शकते. चाचणी एकाच रुग्णालयातली होती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हृदय वा फुप्फुसे बिघडलेले रुग्ण तीत घेतलेच नव्हते. आजार आणखी बळावण्याचे प्रमाणही दोन्ही गटांत सारखेच राहिले. म्हणजे प्रतिविषाने रुग्ण लवकर बरे होतात एवढे दिसले. प्रतिविषाने जीव वाचतात, हे या चाचणीने दाखवलेले नाही, आणि तिच्या नावावर कोणी तसे सांगू नये.

एका देशाचा निष्कर्ष दुसरीकडे चालेल असेही नाही. ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (१९९९) प्रतिविषाचा फायदा आढळला नव्हता. तिथले विंचू वेगळे, प्रतिविष वेगळे. आपल्या विंचवाचा अभ्यास आपणच करायला हवा, तो यासाठी.

डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. मुलांना त्यांची गोष्ट जरूर सांगावी. पण ती चमत्काराची गोष्ट म्हणून सांगितली तर तिच्यातले विज्ञान हरवते. वर्गात फळ्यावर ३० आणि १ हे आकडे लिहावेत आणि विचारावे, मधल्या काळात आणखी काय काय बदलले असेल? ती यादी मुलांनीच करावी. आणि यादी करून झाली की एवढे मात्र निक्षून सांगावे : विंचू चावलेल्याला उलटी, घाम किंवा थंड हातपाय दिसले, तर वेदना कमी आहे म्हणून घरी थांबू नये. तडक दवाखाना गाठावा.