विच्छेदन आणि संधान : दोन चित्रांचा विचार

रेम्ब्रांटच्या ‘डॉ. निकोलास टुल्प यांचा शरीररचना-पाठ’ (१६३२) या समूहचित्राची थोरवी सामान्यतः त्यातील छायाप्रकाशावरून सांगितली जाते. परंतु ज्ञानाचे श्रेय कोणास, या प्रश्नाच्या दृष्टीनेही ते पाहावयास हवे. आम्स्टरडॅमच्या शल्यवैद्य-संघासाठी काढलेल्या या चित्रात टुल्प प्रेताच्या डाव्या हाताचे स्नायू चिमट्याने उचलून दाखवितो. सात सहकारी भोवती आहेत. प्रेताच्या पायाशी मोठा ग्रंथ उघडा आहे. एकाच्या हातातील कागदावर वैद्यांची नावे आहेत. ती मागाहून लिहिलेली. फाशी गेलेल्या आरिस किंटचे नाव तेथे नाही.

कला व वैद्यक यांचा असाच संबंध आमच्या चऱ्होलीपासून जवळच, पुण्यात, घडून आला. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी सैन्यातील बैल हाकणारा कावसजी पकडला गेला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ वीट भाजणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्यास नवे नाक दिले. मेणाचा साचा कपाळावर सपाट पसरून त्याभोवती रेघ ओढावयाची. तेवढी कातडी सोडवून, भुवयांमधील पट्टी शाबूत ठेवून, खाली वळवावयाची, अशी ती रीत. क्रूसो व फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ती पाहिली. जेम्स वेल्सने १७९४ मध्ये कावसजीचे चित्र काढले, आणि त्याच वर्षी लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने हा वृत्तान्त आकृतींसह छापला.

चित्रकलेच्या दृष्टीने वेल्सची ही कृती रेम्ब्रांटच्या पासंगासही पुरणार नाही. तथापि येथे नाते उलटले आहे. रुग्णास नाव व चेहरा आहे, साक्षीदारांस नावे आहेत; ज्याच्या हातून नाक घडले तो मात्र चित्रात नाही आणि वृत्तान्तातही निनावीच आहे. सुश्रुतसंहितेत यासाठी गालाची कातडी घेण्यास सांगितले आहे. कपाळाची कातडी घेणे ही त्या ग्रंथाबाहेरची, कारागिरांच्या परंपरेतील सुधारणा होय. हीच रीत १८१४ मध्ये कार्प्यूने लंडनमध्ये अवलंबिली व ती ‘भारतीय रीत’ म्हणून रूढ झाली. देशाचे नाव उरले, माणसाचे नाही.

समूहचित्रांत बसणारे बहुधा आपापल्या प्रतिमेचे मूल्य देत. पुण्याच्या कारागिरामागे असा संघ नव्हता. म्हणून अशा चित्रांचा विचार करताना कोण दिसतो याबरोबरच कोणास जागा मिळाली नाही, हेही समीक्षकाने नोंदविले पाहिजे. एरवी कलेचा इतिहास हा केवळ आश्रयदात्यांचा इतिहास होऊन बसेल.