तक्रार न करणारी मुलगी : एका उल्लेखाचे वाचन

सावित्रीबाई फुले यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचा ओझरता उल्लेख येतो. आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी आहेत. आपल्या गैरहजेरीत फातिमेला त्रास होत असेल, पण ती तक्रार करणार नाही, असा त्याचा आशय आहे. आडनाव नाही, वर्णन नाही. २०२५ च्या जानेवारीत फातिमा शेख यांच्या अस्तित्वावरच वाद झाला, तेव्हा हा उल्लेख पुरावा म्हणून पुढे आला. तो संहिता म्हणूनही वाचावयास हवा. कारण येथे मुसलमान शिक्षिका मराठी गद्यात प्रवेश करते ती दुसरीच्या शब्दांतून, आणि तिचे मौन हाच तिचा नोंदलेला गुण ठरतो.

हा गुण एका सहकारी स्त्रीने कृतज्ञतेने नोंदविला तर त्यात जिव्हाळा असतो; संस्थेने तो अपेक्षिला की त्याची अट बनते. आंबेगाव तालुक्यातून आलेल्या एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने या पत्रावरील चर्चेत सांगितलेला अनुभव असा : शाळेत अफजलखानवधाचा धडा सुरू झाला की वर्गातल्या माना तिच्याकडे वळत. गुरुजी वावगे काही बोलत नसत. धडा पुढे नेत. पुढे ती मराठीत पहिली आली, तेव्हा ‘तुझं मराठी किती शुद्ध!’ असे कौतुक झाले. घरी यातले काही सांगितले असते तर शाळाच सुटली असती, म्हणून ती गप्प राहिली.

वळलेल्या माना आणि ते कौतुक यांचे गृहीतक एकच आहे : ही मुलगी येथली नव्हे. त्यावर धडा गाळणे हा उपाय नव्हे. तो पूर्ण वाचणे हा आहे. त्याच प्रसंगात खानाचा वकील कृष्णाजी भास्कर आहे आणि महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम. शेजारच्या जुन्नरचा इतिहासही हेच सांगतो. १४९० मध्ये स्वतंत्र झालेल्या अहमद निजामशहाची पहिली राजधानी जुन्नर. त्याच निजामशाहीच्या राजकारणात शहाजीराजे वाढले आणि १६३० मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. या भूमीत राज्यनिष्ठेच्या रेषा धर्माच्या रेषांवरून जात नव्हत्या, हे शिक्षकाने दोन वाक्यांत सांगितले असते तर त्या माना फिरल्या असत्या.

मुंबईतील एका महाविद्यालयाने हिजाब, टोपी आदींवर घातलेल्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी अंशतः स्थगिती दिली. त्या सुनावणीत, नावावरूनही धर्म कळतो, त्याचे काय करणार, असा प्रश्न न्यायपीठाने विचारला. आमच्या विद्यार्थिनीने हिजाब कधी घातला नव्हता. तिचे वेगळेपण हजेरीपटावर होते. वस्त्राविषयीचा वाद आवश्यक असला तरी हा अनुभव त्यात मावत नाही.

साहित्याने त्याला जागा दिली आहे काय? मलिका अमरशेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) आणि मेहरुन्निसा दलवाई यांचे ‘मी भरून पावले आहे’ (१९९५) या आत्मकथनांत तक्रार करणारा ‘मी’ निःसंशय आहे. परंतु समीक्षेने ती पुष्कळदा नामदेव ढसाळ व हमीद दलवाई यांच्या चरित्राची साधने म्हणून वाचली. बोलणाऱ्या स्त्रीलाही आपण अशा प्रकारे पुन्हा उल्लेखापुरते उरविले.

समाजाच्या आतल्या बंधनांचे काय, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. १९७० मध्ये स्थापन झालेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाने तो प्रश्न धैर्याने मांडला. मात्र या मुलीच्या बाबतीत घर आणि शाळा यांनी मिळून एकच गोष्ट मागितली : मौन. एकीकडच्या मौनाची चिकित्सा करून दुसरीकडचे गुण म्हणून गौरविता येणार नाही.

आमचे पदव्युत्तर विद्यार्थी उद्या जुन्नर, मंचर, घोडेगावच्या शाळांत मराठी शिकवतील. त्यांनी अशा मुलीला आदर्श ठरवू नये, तिच्याकडून समाजाच्या वतीने खुलासेही मागू नयेत. तिने तक्रार केली तर ती ऐकली जाईल आणि तिची शाळा सुटणार नाही, एवढी खात्री वर्गात निर्माण करावी. फातिमेविषयीच्या त्या उल्लेखाचे ऋण फेडण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.