अणू, परमाणू आणि प्रारूपांची भाषा

अणूच्या प्रारूपांचा इतिहास बहुधा प्रयोगांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो संज्ञांचाही इतिहास आहे, याचा अध्यापनात सहसा विसर पडतो. भंडारा जिल्ह्यातील तुमसर येथे हा विसर विशेष जाणवावा अशी परिस्थिती आहे. तुमसर रोडहून निघणारा लोहमार्ग मँगनीजच्या खाणींच्या प्रदेशातून मध्यप्रदेशातील तिरोडीस जातो. आणि तेवढ्या अंतरात ‘अणू’ या शब्दाचा अर्थ पालटतो. पाण्याच्या ज्या कणास मराठी पाठ्यपुस्तक रेणू म्हणते, त्यास हिंदी पाठ्यपुस्तक अणु म्हणते; मराठीतील अणू तेथे परमाणु होतो. दोन्ही भाषांत वावरणाऱ्या विद्यार्थ्याची चूक अशा वेळी रसायनशास्त्रातील नसून कोशातील असते.

हा भेद यादृच्छिक नाही. वैशेषिक दर्शनात परमाणू अविभाज्य मानला असून, दोन परमाणूंचे द्व्यणुक व तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक होते. हिंदीची संज्ञा या परंपरेस जवळची आहे. मराठीची जोडी ‘अणुरेणू’ या रूढ जोडपदाशी जुळते. रेणू म्हणजे धूळ, व अणू त्याहून सूक्ष्म.

यांपैकी कोणती संज्ञा अधिक समर्थ? डाल्टनने १८०८ मध्ये मांडलेल्या अविभाज्य कणास ‘परमाणू’ हे नाव चपखल बसते. परंतु १८९७ मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन दाखविला, १९११ मध्ये रदरफोर्डने अणुकेंद्राची कल्पना मांडली, आणि ‘परम’ हे विशेषण अर्थदृष्ट्या निकामी झाले. मराठीचा ‘अणू’ केवळ सूक्ष्मता सांगतो, अविभाज्यतेची ग्वाही देत नाही. म्हणून प्रारूप बदलले तरी तो खोटा पडत नाही. मूळ ग्रीक शब्दही ‘अविभाज्य’ असाच होता व तरीही तो टिकला, असा आक्षेप येथे संभवतो. तो तज्ज्ञापुरता ग्राह्य आहे. तज्ज्ञ व्युत्पत्ती विसरू शकतो. नवशिक्याला मात्र शब्दाच्या घटकांतूनच अर्थ लावावा लागतो.

तथापि मराठीनेही निश्चिंत राहू नये. ‘कक्षा’ ही संज्ञा ज्योतिषातून आली. बोरच्या १९१३ च्या प्रारूपास ती शोभली, कारण तेथे इलेक्ट्रॉन ग्रहाप्रमाणे ठराविक मार्गाने फिरतो. १९२६ मध्ये श्रोडिंगरच्या समीकरणानंतर निश्चित मार्गाची जागा संभाव्यतेने घेतली. शब्दातले ग्रहमंडळ मात्र विद्यार्थ्याच्या मनात फिरतच राहिले. तुमसरच्या भूमीतील मँगनीज हेच याचे उत्तम उदाहरण. त्याच्या अणूत २५ इलेक्ट्रॉन असून त्यांची मांडणी २, ८, १३, २ अशी आहे. कॅल्शियमपर्यंत २, ८, ८, २ असा क्रम पाठ केलेल्यास तिसऱ्या कवचातील १३ हा आकडा अपवाद वाटतो. तो अपवाद नव्हे. कवचाच्या आत उपकवचे असतात, आणि ग्रहाच्या कक्षेच्या चित्रात त्यांना जागाच नाही.

संज्ञा बदलाव्यात, असा याचा निष्कर्ष नव्हे. रूढ संज्ञा बदलल्याने गोंधळ वाढतोच. परंतु अध्यापनात प्रत्येक संज्ञेबरोबर ती ज्या प्रारूपास अनुरूप आहे त्याचा उल्लेख व्हावा, आणि सीमाभागात तिचा हिंदी पर्यायही शेजारी द्यावा. प्रारूप मागे पडले तरी त्याचा शब्द मागे राहतो, हे ज्यास समजले, त्यास पुढील प्रारूप स्वीकारणे जड जात नाही.