‘नामा’चा नफा आणि नामानिराळे सरकार

जून २०२० मध्ये आयर्लंडच्या सरकारी तिजोरीत दोन अब्ज युरो जमा झाले. ते आले ‘नॅशनल असेट मॅनेजमेंट एजन्सी’ या सरकारी संस्थेकडून. आद्याक्षरांवरून तिकडे तिला ‘नामा’ म्हणतात. २००८ च्या बँक संकटात बुडीत निघालेली बिल्डरांची आणि जमिनीवरची कर्जे बँकांकडून विकत घ्यायची आणि जमेल तेवढी वसूल करायची, यासाठी २००९ च्या अखेरीस ती स्थापन झाली. आपले सगळे रोखे फेडून वर उरलेली शिल्लक तिने सरकारला देण्यास सुरुवात केली. ही शिल्लक पुढे एकूण चार अब्जांच्या वर गेली. बुडीत कर्जांतूनही सरकार नफा कमावू शकते, याचे उदाहरण म्हणून तेव्हापासून ‘नामा’चे नाव घेतले जाते.

प्रस्तुत लेखाचा विषय हा नफा आहे. तो खोटा आहे असे मला म्हणायचे नाही. आकडे खरे आहेत. पण तो एका वहीतला नफा आहे, आणि त्याच व्यवहाराची दुसरी वही शेजारीच मिटून ठेवलेली आहे. दोन्ही वह्या एकत्र उघडल्याशिवाय या प्रकरणाचा हिशेब लागत नाही.

मी अर्थशास्त्राचा पदवीधर नाही. तालुक्याच्या एका पतसंस्थेत बावीस वर्षे कीर्द-खतावणी लिहिली, तेवढीच माझी शिदोरी. तिथे एक रीत होती. मार्चअखेर जवळ आली की थकलेल्या खात्याचे ‘नवे-जुने’ व्हायचे. नवे कर्ज मंजूर करून त्यातून जुने फेडून घ्यायचे, थकलेले व्याज मुद्दलात मिसळायचे आणि खाते नियमित दाखवायचे. कर्जदार खूश, संचालक खूश, ताळेबंद खूश. आयर्लंडची कागदपत्रे वाचू लागलो तेव्हा इतक्या दूरच्या, इतक्या मोठ्या व्यवहारात पहिली ओळखीची गोष्ट भेटली ती हीच.

नवे-जुने झालेले ९ अब्ज

१६ सप्टेंबर २००९ रोजी अर्थमंत्री ब्रायन लेनिहन यांनी संसदेत योजना मांडली. बँकांच्या वहीवर ७७ अब्ज युरोंची कर्जे, ती सुमारे ५४ अब्जांना घ्यायची, म्हणजे ३० टक्के सूट. त्या ७७ अब्जांतले ९ अब्ज हे न भरलेले आणि मुद्दलात मिसळलेले व्याज होते. म्हणजे ती रक्कम कर्जदाराच्या हातात कधी पडलीच नव्हती. ती फक्त वहीत वाढत गेली होती.

मंत्र्यांचा ३० टक्क्यांचा अंदाज बँकांनी दिलेल्या माहितीवर उभा होता. प्रत्यक्ष एकेक फाईल उघडली गेली तेव्हा तारणाची कागदपत्रे अपुरी, काही ठिकाणी गहाणच नीट नोंदलेले नाही, असे आढळू लागले. शेवटी ‘नामा’ने ७४ अब्जांची कर्जे ३१.८ अब्जांना घेतली. सूट ३० टक्क्यांवरून ५७ टक्क्यांवर गेली. विकणाऱ्या संस्था पाच होत्या: अँग्लो आयरिश बँक, अलाइड आयरिश बँक्स, बँक ऑफ आयर्लंड, आयरिश नेशनवाइड आणि ईबीएस.

आता दुसरी वही. ७४ मधून ३१.८ वजा केले की ४२.२ अब्ज उरतात. हा तोटा बँकांच्या ताळेबंदात उतरला आणि त्यांचे भांडवल संपले. ते भरले सरकारने. सर्व बँकांना मिळून सरकारला ६४ अब्ज युरो घालावे लागले. त्यांतले सुमारे ३५ अब्ज केवळ अँग्लो आणि आयरिश नेशनवाइड या दोन संस्थांत गेले, आणि त्या दोन्ही पुढे बंदच झाल्या. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ४६ लाख होती. म्हणजे तान्ह्या मुलासह माणशी जवळजवळ चौदा हजार युरो.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. कर्ज घेणारी संस्था सरकारची आणि कर्ज विकणाऱ्या बहुतेक बँकाही सरकारच्याच होत चाललेल्या. अँग्लोचे राष्ट्रीयीकरण जानेवारी २००९ मध्ये झाले होते, अलाइड आयरिश २०१० च्या अखेरीस सरकारच्या ताब्यात आली. अशा वेळी खरेदीची किंमत जितकी कमी, तितका ‘नामा’चा नफा सोपा आणि बँकेचे भगदाड मोठे. उजव्या खिशातून चार काढून डाव्या खिशात टाकले आणि डावा खिसा फुगला म्हणून आनंद मानला, असा हा प्रकार आहे. शेतकऱ्याने स्वतःच्याच खळ्यावरून धान्य स्वस्तात उचलून बाजारात विकले, तर विक्रीत नफा झाला असे म्हणता येते; वर्षाचा हिशेब मात्र पेरणीपासून धरावा लागतो.

नामानिराळे राहण्याची युक्ती

मराठीत ‘नामानिराळा’ हा शब्द आहे. या संस्थेच्या रचनेला तो इतका चपखल बसतो की योगायोगाचे हसू यावे. ‘नामा’ने बँकांना रोख पैसे दिले नाहीत; सरकारी हमीचे रोखे दिले. हे ३० अब्जांहून अधिक देणे सरकारी कर्जात मोजले गेले असते तर आयर्लंडची कर्जमर्यादा कोलमडली असती. म्हणून एक मधली कंपनी उभी केली गेली. तिचे भांडवल १०० दशलक्ष युरो. त्यांतले ५१ दशलक्ष खाजगी गुंतवणूकदारांचे, ४९ ‘नामा’चे. बहुमत खाजगी, पण नकाराधिकार ‘नामा’कडे. युरोपीय सांख्यिकी कार्यालयाने ही रचना मान्य केली आणि देणे सरकारच्या आकड्यांबाहेर राहिले. हमी सरकारची, नियंत्रण सरकारचे, जोखीम जनतेची, आणि हिशेबात सरकार नामानिराळे!

कारभारातही तेच झाले. सरकारी संस्थांना लागू असलेला माहितीचा कायदा ‘नामा’ला पहिली पाच वर्षे लागू नव्हता, तो २०१५ मध्ये लागू झाला. त्याआधी २०१० मध्ये एका पत्रकाराने पर्यावरणविषयक माहितीच्या नियमांखाली काही कागद मागितले. आम्ही ‘सार्वजनिक प्राधिकरण’ नाहीच, असे ‘नामा’ने उत्तर दिले आणि हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवला. व्याख्येतील ‘यांचा समावेश होतो’ एवढ्या शब्दांचा अर्थ काय, यावर युक्तिवाद झाले. जून २०१५ मध्ये निकाल ‘नामा’च्या विरुद्ध गेला. ज्या संस्थेचे बहुतेक देणे जनतेच्या हमीवर होते, ती सार्वजनिक आहे हे ठरायला पाच वर्षे लागली.

विक्रीची घाई

‘नामा’वरची सर्वांत गंभीर टीका विक्रीबद्दल आहे, आणि तिथे न्यायाने बोलले पाहिजे. ‘नामा’ने किंमत ठरवली ती ३० नोव्हेंबर २००९ च्या बाजारभावावर. त्यानंतर भाव आणखी पडले, ते २०१३ च्या सुरुवातीपर्यंत सावरले नाहीत. अशा काळात तिने आयर्लंडमधल्या मालमत्ता रोखून धरल्या आणि प्रामुख्याने ब्रिटनमधल्या, त्यातही लंडनमधल्या विकल्या, हे शहाणपणाचे होते. ३० अब्जांची हमी डोक्यावर असताना लवकर मोकळे व्हावे असे तिला वाटणेही समजण्यासारखे आहे. तेव्हाच्या आयर्लंडला बाजारात स्वस्त कर्ज मिळणे या हमीवरही अवलंबून होते.

पण २०१४ पासून वेग बदलला. कर्जांचे मोठमोठे गठ्ठे बांधून ते परदेशी फंडांना विकले जाऊ लागले. गठ्ठा जितका मोठा, तितके बोली लावणारे कमी, हे तर आपल्याकडच्या अडत्यालाही माहीत असते. उत्तर आयर्लंडमधील कर्जांचा ‘प्रोजेक्ट ईगल’ नावाचा गठ्ठा हे त्याचे गाजलेले उदाहरण. वहीवर सुमारे साडेचार अब्ज पौंडांची ही कर्जे एप्रिल २०१४ मध्ये सर्बेरस या अमेरिकी फंडाला सुमारे १.३ अब्जांना देण्याचे ठरले. त्याआधी बोलीतील एक स्पर्धक बाहेर पडला होता. सौदा झाल्यावर द्यायच्या शुल्कात ‘नामा’च्याच सल्लागार समितीच्या माजी सदस्याचा वाटा ठरला आहे, ही बाब त्याने स्वतः ‘नामा’ला कळवली होती. सप्टेंबर २०१६ च्या अहवालात आयर्लंडच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या विक्रीत १९० दशलक्ष पौंडांपर्यंत संभाव्य नुकसान झाल्याचे नोंदवले. ‘नामा’ने ते नाकारले.

वाद होता एका टक्केवारीवर. भविष्यात येणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना ‘नामा’ एरवी साडेपाच टक्के दर धरी. या गठ्ठ्याच्या किमान किमतीसाठी दहा टक्के धरला गेला. दर वाढवला की आजची किंमत घटते. ‘नामा’चे म्हणणे, बाजारातला खरेदीदार एवढाच परतावा मागतो. हे बरोबर असेलही. पण मग प्रश्न उरतो: जो खरेदीदार दहा टक्के मागतो त्यालाच विकायचे होते, तर सरकारी संस्था काढली कशाला? थांबण्याची ताकद हेच तर तिचे एकमेव भांडवल होते. घरांचे भाव २०१३ नंतर चढत गेले आणि २०२२ मध्ये २००७ चे शिखरही ओलांडून गेले. ती चढण गठ्ठे घेणाऱ्यांच्या वाट्याला आली.

माणसे कुठल्या वहीत?

‘नामा’कडे गेली ती मोठ्या कर्जदारांची कर्जे. आपल्या प्रकल्पाची देखरेख करण्यासाठी काही बिल्डरांना तिने वर्षाला दोन लाख युरोंपर्यंत पगार दिला. काम माहीत असलेला माणूस हवा, हा त्यामागचा व्यवहार. सामान्य घरकर्जदार मात्र ‘नामा’च्या कक्षेतच नव्हता. २०१३ मध्ये राहत्या घरावरच्या कर्जखात्यांपैकी सुमारे आठातले एक नव्वद दिवसांहून अधिक थकलेले होते. आणि तेव्हापर्यंत तिथे दिवाळखोर ठरलेल्या माणसाला मोकळे व्हायला बारा वर्षे लागत. कायदा बदलून ती मुदत आधी तीन वर्षांवर आणि २०१६ मध्ये एका वर्षावर आली.

२०११ च्या जनगणनेत देशात २,८९,४५१ घरे रिकामी सापडली होती. अर्धवट वसाहतींना लोक ‘भुताच्या वस्त्या’ म्हणत. ‘नामा’ने आपल्याकडची सुमारे सात हजार घरे गरजूंसाठी स्थानिक संस्थांना देऊ केली, त्यांतली तीन हजारांहून कमीच घेतली गेली. गरज एका गावी आणि घरे दुसऱ्या गावी, हे त्याचे एक कारण. २०१९ मध्ये तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांचा आकडा दहा हजारांवर गेला होता. कायद्याने ‘नामा’ला जास्तीत जास्त परतावा मिळवायला सांगितले होते आणि समाजहिताचाही उल्लेख केला होता. पण हप्त्याच्या तारखा पडल्या त्या परताव्याला. ज्याला तारीख नसते ते काम मागे पडते, हे कोणत्याही कार्यालयात काम केलेल्याला सांगावे लागत नाही.

आपल्याकडे २०२१ मध्ये ‘राष्ट्रीय मालमत्ता पुनर्रचना कंपनी’ स्थापन झाली. बँकांकडून बुडीत कर्जे घेताना १५ टक्के रोख आणि ८५ टक्के कागद, त्या कागदाला केंद्र सरकारची ३०,६०० कोटी रुपयांपर्यंतची हमी, अशी तिची रचना. आयर्लंड आणि आपण यांत फरक पुष्कळ आहेत. हमीचा कागद मात्र एकाच जातीचा आहे. उद्या तिच्याही वसुलीचे आकडे जाहीर होतील. ते वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात. खरेदी आणि विक्री यांतला फरक सांगितला, पण मूळ कर्ज आणि खरेदी यांतला फरक कोणी सोसला? विकत घेणारा कोण, आणि त्याने पुढे ते कितीला विकले? आणि ज्यांच्या हमीवर हे सारे चालले, त्यांना कागद पाहायला मिळाले का?

आमच्या पतसंस्थेत सहकार खात्याचे लेखापरीक्षक येत. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ नफ्याचे पान कधीच आधी उघडत नसत. ते आधी थकबाकीची यादी मागत. आम्हा तरुण कारकुनांना त्यांचा राग यायचा. आज वाटते, वाचायला सुरुवात तिथूनच करायची असते.